आजोबांना गप्प बसवू नका

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

त्यांचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो लवकर आणि स्पष्ट बोलायला लागला होता. परंतु आठ महिन्यांपूर्वी अचानक 'म-म-म-मला' असे अडखळू लागला. आता काही शब्द तोंडातून बाहेरच पडत नाहीत, अशा वेळी तो डोळे घट्ट मिटतो आणि पाय आपटतो. घरात सासरे लहानपणापासून अडखळत बोलतात. एस.टी.त स्वतःच्या गावाचे नाव उच्चारावे लागू नये म्हणून ते पुढच्या गावाचे तिकीट काढतात आणि आपल्या गावी उतरतात. नातवाला रात्री गोष्ट सांगून झोपवण्याचे काम त्यांचेच होते. 'पोरगं तुमचंच ऐकून बिघडलं' असे म्हणून सासूबाईंनी त्यांना नातवासमोर बोलण्यास मनाई केली आहे. गेला दीड महिना ते मान खाली घालून जेवतात आणि पाणी हवे असल्यास तांब्याकडे बोट दाखवतात. सासूबाई मुलाच्या जिभेला मधातून वेखंड चाटवतात, पती 'आपोआप जाईल' म्हणतात आणि या भगिनी स्वतः प्रत्येक वेळी 'हळू बोल, श्वास घे, पुन्हा नीट सांग' असे मुलाला सांगतात. सासऱ्यांना काही महिने नणंदेकडे पाठवावे का, असा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. सोबत त्यांनी विचारले आहे की, सासरे रामरक्षा आणि आरत्या म्हणताना एकदाही अडखळत नाहीत, म्हणजे मनावर घेतले तर त्यांना नीट बोलता येईलच ना? आणि मुलाचे शाळेत, पुढे नोकरीत, लग्नात कसे होणार?

उत्तर : सासऱ्यांना नणंदेकडे पाठवू नका. बाकीचे सारे सविस्तर लिहीत आहे, परंतु घरात कदाचित बॅग भरण्यापर्यंत वेळ आली असेल, म्हणून हे उत्तर आधी.

अडखळणे ऐकून किंवा पाहून लागत नाही. नक्कल म्हणून मूल चार दिवस कोणाच्याही लकबीचे अनुकरण करील, पण नक्कल करणारे मूल त्या वेळी हसत असते, त्याला मजा येत असते. तुमचा मुलगा डोळे मिटतो आणि पाय आपटतो, म्हणजे त्याची धडपड चाललेली आहे. शिवाय तुमच्याच घरातला पुरावा पाहा. तुमचे पती आणि नणंद याच घरात, याच वडिलांचे बोलणे रोज ऐकत वाढले. त्यांच्यापैकी कोणी अडखळत असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. ऐकण्यातून हे पसरत असते, तर ते आधी त्यांना झाले असते.

मग आजोबांचा यात काही संबंध नाही का? असू शकतो, पण तो तोंडाचा नसून रक्ताचा आहे. अडखळणे अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एक अडखळत असेल तर दुसरेही अडखळण्याची शक्यता साध्या जुळ्यांपेक्षा पुष्कळ अधिक असते. २०१० मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील काही मोठ्या कुटुंबांचा अभ्यास करून अडखळण्याशी निगडित असे तीन जनुकांतील बदल शोधून काढले. हे बदल थोड्याच लोकांत सापडतात आणि सर्व कोडे त्यातून सुटत नाही. परंतु याची मुळे शरीरात आहेत, वळणात किंवा संस्कारात नाहीत, हे त्यामुळे अधिक स्पष्ट झाले. रक्तातून आलेली गोष्ट मुलाला काही महिने दूर ठेवून परत जात नाही. आजोबांकडून नाक आले, केसांचे वळण आले, तसेच हेही आले असेल. यात त्यांचा अपराध कोणता?

आता रामरक्षेकडे वळते, कारण तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'पाणी' हा साधा शब्द घ्या. ओठ मिटतात, त्यांच्यामागे हवेचा दाब साठतो, ओठ उघडतात आणि अगदी क्षणाच्या अंतराने स्वरतंतू थरथरू लागतात. श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचा हा मेळ मेंदूला दर सेकंदाला अनेक वेळा जुळवावा लागतो. मेंदूच्या चित्रणात असे दिसून आले आहे की अडखळणाऱ्या माणसांत बोलण्याची आखणी करणारे आणि ती अमलात आणणारे भाग यांना जोडणारे मार्ग काहीसे वेगळे असतात. शब्द ठाऊक असतो, काय म्हणायचे ते पक्के असते, फक्त सुरुवातीचा ठोका वेळेवर पडत नाही. रामरक्षा किंवा आरती म्हणताना हा ठोका बाहेरून मिळतो. शब्द ठरलेले, चाल ठरलेली, आणि सोबत घरातले आणखी दोन-चार आवाज. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक अडखळणारा माणूस सहज बोलतो. गाताना, कुजबुजताना, गोठ्यातल्या गाईशी बोलताना आणि एकट्याने पुटपुटतानाही तसेच. जेव्हा वाक्य स्वतः त्या क्षणी रचायचे असते आणि समोरचा माणूस वाट पाहत असतो, तेव्हा तो मेळ बिनसतो. त्यामुळे 'मनावर घेतले तर जमेल' हे म्हणणे न्यायाचे नाही. पुढच्या गावाच्या तिकिटाचे पैसे वर्षानुवर्षे भरणाऱ्या माणसाने मनावर घेतलेले नाही, असे आपण कसे म्हणावे?

या तिकिटाबद्दल थोडे थांबून बोलते. अडखळणारी माणसे अवघड शब्द फार आधी हेरतात आणि दुसरा शब्द शोधून वाट काढतात. 'बटाटा' अडतो असे वाटले की ते दुकानात कांदे घेऊन येतात. मात्र स्वतःचे नाव आणि स्वतःचे गाव यांना पर्यायी शब्द नसतो, म्हणून नेमके तिथेच सर्वांत जास्त अडते. समोरच्याला वाटते, 'याला स्वतःचे नाव आठवत नाही की काय!' आपल्याकडे खोटे पकडले गेलेल्या माणसाबद्दल 'त त प प करू लागला' असे म्हणतात. ज्याचे शब्द खरोखर अडतात, त्याने ही म्हण किती वेळा निमूटपणे ऐकून घेतली असेल, याचा विचार आपण मराठी बोलणाऱ्यांनी करायला हवा. लोकांना ऐकू येते ते अडखळणे थोडे असते. टाळलेले शब्द, न केलेले फोन, वर्गात न उंचावलेला हात, हे सगळे आतच राहते. तुमच्या मुलाला या वाटेवर जाऊ न देणे हे आपले खरे काम आहे, आणि घरातल्या एका माणसाला बोलण्याबद्दल गप्प बसवलेले तो रोज पाहतो आहे. अडखळणाऱ्याने बोलू नये, हा धडा त्याला शाळेत जाण्याआधीच घरी मिळतो आहे, याची मला अधिक काळजी वाटते.

तुमच्या 'हळू बोल, श्वास घे' याबद्दलही मोकळेपणाने लिहिते. हे तुम्ही मायेने म्हणता आणि बहुतेक सर्व आया हेच म्हणतात. यामुळे त्याचे अडखळणे सुरू झालेले नाही, हे आधी लक्षात घ्या आणि रात्री स्वतःला बोल लावणे थांबवा. एके काळी तज्ज्ञांनाही तसेच वाटत असे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन हे स्वतः अडखळत बोलणारे नामांकित संशोधक होते आणि आईवडिलांनी बोलण्याला नावे ठेवल्यामुळेच अडखळणे जडते, असे त्यांचे मत होते. १९३९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी मेरी ट्यूडर यांनी डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील काही मुलांना, ज्यांत अगदी व्यवस्थित बोलणारी मुलेही होती, 'तुझे बोलणे बिघडलेले आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस' अशा अर्थाचे सतत सुनावण्यात आले. नीट बोलणारी मुले यामुळे अडखळणारी झाली नाहीत, म्हणजे ते मत टिकले नाही. पण त्यांतली काही मुले बुजली, मोजके बोलू लागली, वर्गात तोंड उघडेनाशी झाली. हा प्रयोग २००१ मध्ये लोकांपुढे आला तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने हयात व्यक्तींना व मृतांच्या वारसांना भरपाई दिली. सतत दुरुस्त केल्याने मूल अडखळायला लागत नाही, पण बोलायचे थांबू शकते, एवढे यातून आपण घ्यावे.

पुढच्या वेळी तो 'आजोबा' म्हणू पाहील तेव्हा नीट बघा. तोंड 'आ' साठी उघडलेले असेल आणि आवाज मात्र नसेल, कारण गळ्यातले स्वरतंतू घट्ट मिटलेले असतात. मग डोळे मिटतात, पाय आपटतो, आणि शब्द सुटतो. कधी तरी योगायोगाने पाय आपटल्यावर शब्द सुटला असेल, म्हणून तो उपाय त्याच्या अंगवळणी पडला. ही सारी घटना बहुधा दोन-तीन सेकंदांत संपते, पण आईला ती फार लांब वाटते आणि तिच्या तोंडून 'श्वास घे' निघून जाते. त्या दोन-तीन सेकंदांत काहीही करू नका. त्याच्याकडे नेहमीच्या चेहऱ्याने पाहत राहा, शब्द पुरा करू नका, आणि तो जे सांगत होता त्याला उत्तर द्या. 'आजोबा कुठे गेले?' असे विचारले असेल तर आजोबा कुठे गेले ते सांगा. त्याला हळू बोलायला सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः थोडे सावकाश बोला, त्याचे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग बोला, आणि एकामागून एक प्रश्नांची सरबत्ती टाळा. 'आज शाळेत काय केलं, कोण आलं होतं, डबा संपवला का?' हे एका दमात विचारण्याऐवजी 'आज डब्यातली भाकरी मऊ राहिली होती बहुतेक' असे म्हणून सोडून द्या. सांगायचे असेल तर तो सांगेल. जेवताना सगळे एकदम बोलत असतील तर त्याची पाळी त्याला मिळेल एवढे पाहा. दिवसातून पाच-दहा मिनिटे, मोबाइल बाजूला ठेवून, त्याने निवडलेल्या खेळात त्याच्यासोबत बसा. त्याला स्वतःला काही तरी अडते आहे हे कळलेले आहे, तेव्हा घरात तो विषय वर्ज्य ठेवण्याचे कारण नाही. 'कधी कधी शब्द अडकतो ना रे? असू दे, मी थांबते,' एवढे साध्या आवाजात म्हटले तरी पुरते.

तुमच्या पतींचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. शंभरातील सुमारे ५ मुले लहानपणी काही काळ अडखळतात, बहुधा दोन ते पाच या वयात, जेव्हा वाक्ये एकदम लांब होऊ लागतात. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही थोडी अधिक मुले त्यातून बाहेर पडतात आणि मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरते. त्यातही 'मला मला... आई, मला ते हवंय' असे पूर्ण शब्द परत परत येणे हे त्या वयात अगदी सामान्य असते. शब्दाचा पहिला तुकडाच पुन्हा पुन्हा येणे, 'ममममला' असा आवाज ओढला जाणे किंवा आवाजच बंद पडणे हे वेगळे. शिवाय कोणत्या मुलात हे टिकण्याची शक्यता अधिक, याचेही काही ठोकताळे आहेत : मुलगा असणे (मुली अधिक प्रमाणात बऱ्या होतात), घरातील कोणाचे तरी अडखळणे मोठेपणीही टिकलेले असणे, साडेतीन वर्षांनंतर सुरुवात होणे, आणि सहा महिने ते वर्ष उलटूनही कमी न होणे. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे सगळे लागू पडते. ते टिकेलच असा याचा अर्थ नाही, परंतु आणखी वाट पाहण्यात आता लाभ नाही. उपचारांना मुले शाळेच्या वयाआधी अधिक चांगला प्रतिसाद देतात. अडीच वर्षांच्या एखाद्या मुलीला दोन महिन्यांपासून त्रास होत असता आणि ती मजेत बोलत असती, तर मी तिच्या आईला थोडे थांबा असेच सांगितले असते.

जायचे कोणाकडे? स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. लहान मुलांच्या अडखळण्यावर काम केले आहे का, हेही विचारा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे मुलांसाठी वाचा-उपचाराची सोय अपेक्षित असते. मात्र पद भरलेले आहे की नाही हे आधी फोन करून विचारा, म्हणजे खेप वाया जाणार नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. जवळपास कोणी नसल्यास व्हिडिओ कॉलवरूनही हे उपचार चांगल्या रीतीने करता येतात. या वयात मुख्य काम पालकांकडून करून घेतात. सिडनीत विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत पालक रोज थोडा वेळ मुलाच्या सहज बोलण्याचे ठरावीक रीतीने कौतुक करतात. दुसऱ्या पद्धतीत घरातील बोलण्याची गती आणि मुलावरील ताण कमी करण्यावर भर असतो. नेदरलँड्समध्ये सुमारे २०० मुलांवर या दोहोंची तुलना केली गेली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दीड वर्षाअंती दोन्ही गटांतील मुलांची प्रगती जवळपास सारखी निघाली. म्हणून कोणती पद्धत यापेक्षा ती नियमाने करून घेणारा माणूस महत्त्वाचा. 'पंधरा दिवसांत खात्रीने बरे' अशी पाटी असेल तिथे पैसे घालवू नका. अडखळण्यावर मान्यताप्राप्त गोळी किंवा औषध नाही, आणि जिभेचा याच्याशी संबंध नसल्याने जिभेखालचा दोरा कापूनही हे जात नाही.

वेखंड मात्र आजच बंद करा. सासूबाईंनी ते प्रेमापोटी केले, त्यांच्या आईनेही केले असेल, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. परंतु वेखंडात बीटा-ॲसॅरोन नावाचे द्रव्य असते, ते प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळले आणि अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. वेखंडाने लहान मुलांना जोराच्या उलट्या होण्याचे प्रकारही घडलेले आहेत. अडखळण्यावर त्याचा उपयोग होतो असे दिसलेले नाही. सासूबाईंना काही तरी करायचेच असेल तर त्यांना त्याच्यासोबत रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणू दे. त्याने उपचार होणार नाही, पण सहज वाहणाऱ्या आवाजाचा आनंद त्याला दिवसातून एकदा नक्की मिळेल.

शाळेत बाईंना भेटून स्पष्ट सांगा की त्याला वेळ लागतो, त्याचे वाक्य कोणी पुरे करू नये आणि चिडवाचिडवी दिसली तर तिथल्या तिथे थांबवावी. गॅदरिंगमधले त्याचे काम काढून घेऊ नका. एकट्याने दोन ओळी म्हणायच्या की चार मुलांसोबत कविता म्हणायची, हे त्यालाच विचारा.

नोकरी-लग्नाबद्दल विचारलेत. अशा वेळी राजे, राष्ट्राध्यक्ष आणि सिनेनटांची नावे सांगून धीर देण्याची पद्धत आहे, ती मला फारशी पटत नाही; कारण त्या कथांत अडखळण्यावर 'मात' केल्याशिवाय माणूस मोठा ठरत नाही. तुमच्यासमोर सासरे आहेत. त्यांनी संसार केला, मुले वाढवली, आणि नातवाला ज्यांच्या कुशीत झोप येत होती ते तेच आहेत. त्यांचे जे नुकसान झाले ते शब्द अडल्यामुळे किती आणि लोक न थांबल्यामुळे किती, हे त्यांना विचारा. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्यासाठीही वाट आहे. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन या संस्थेचे स्वमदत गट आहेत, तिथे अडखळणारी माणसे एकत्र येऊन मोकळेपणाने अडखळत बोलतात. साठीनंतर प्रथमच मोठ्या आवाजात स्वतःचे नाव सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. या सदराच्या अन्य वाचकांसाठी एवढेच जोडते की, मोठ्या वयात कोणी पूर्वी कधी न अडखळता एकाएकी अडखळू लागले, तर तो वेगळा विषय आहे. पक्षाघात किंवा डोक्याला मार यांमुळेही असे होते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता आजोबांना पुन्हा बोलते कसे करायचे? दीड महिन्याच्या मनाईनंतर 'बोला आता' म्हटल्याने ते बोलणार नाहीत. सासूबाईंशी आधी तुमच्या पतींनी बोलावे, कारण ही गोष्ट सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेली बरी. मग तुम्ही दोघे सासऱ्यांजवळ बसा आणि आमचे चुकले, असे सरळ म्हणा. मुलाला त्यांच्याकडे झोपायला पाठवा. गोष्ट सांगताना ते अडखळतील, अडखळू द्या, आणि नातवाला 'माझापण शब्द अडकतो बरं का' असे त्यांनी सांगितले तर फारच उत्तम, कारण हे वाक्य घरातला दुसरा कोणीही त्याला सांगू शकत नाही.

स्पीच थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. अडखळणे कितव्या वर्षी सुरू झाले, घरात आणखी कोणाला होते, एखाद्या भावंडाचे पुढे गेले का, हे तिथे विचारतील, आणि त्याची उत्तरे फक्त त्यांच्याकडेच आहेत. तिथे त्यांना वेळ लागेल. तुम्ही मध्ये बोलू नका.